ब्रेकमावशी आणि सुपरकार

आमच्या समोरच्या घरातल्या बाईंना सगळी गल्ली ब्रेकमावशी म्हणते. त्यांनी निम्मं आयुष्य लोकांना मोटार चालवायला शिकवण्यात घालवलं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. मावशींचा उजवा पाय त्या ब्रेकवर इतकी वर्षं तयारीत राहिला, की पुढे पुढे तो त्यांचं ऐकेनासाच झाला. घरी टीव्ही बघताना पडद्यावर कोणी भरधाव आलं की सोफ्यावर बसल्या जागी मावशींचा पाय फरशीत रुतायचा. कोणी भरभर बोलायला लागलं तरी रुतायचा. त्यांचे यजमान गाद्या-उशांचं दुकान चालवतात. ते सांगायचे, "आमचं लग्न ठरलं तेव्हा मी होकार जरा घाईने दिला, तर हिने तिथेच ब्रेक दाबला."

स्वतः मावशींनी कधी चाळीसच्या वर गाडी नेली नव्हती. भीती वगैरे काही नाही. चाळीसच्या पुढे दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत, आणि पाट्या वाचल्याशिवाय रस्त्याने जाण्यात काय मजा, असं त्यांचं म्हणणं.

मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या मालकाने म्हातारपणी धंदा गुंडाळला आणि मावशी घरी बसल्या. घरी बसून त्यांचा जीव रमेना. गॅलरीत उभ्या राहून त्या खालून जाणाऱ्या हातगाड्यांना "आरशात बघा, आरशात!" म्हणून ओरडायच्या. हातगाड्यांना आरसे नसतात.

अशातच एका दुपारी त्यांचा एक जुना विद्यार्थी दारात उभा राहिला. शिकताना एकदाही मावशींना ज्याच्यासाठी ब्रेक दाबावा लागला नव्हता, असा तो एकटाच. त्यामुळे तो त्यांच्या चांगला लक्षात होता. गावाबाहेर जो मोटारींचा कारखाना झाला होता, तिथे तो आता मुख्य अभियंता होता. गाडीतला प्रत्येक स्क्रू काट्यावर ठेवल्याशिवाय तो बसवू देत नसे, म्हणून कारखान्यात त्याला मागून ग्रॅमसाहेब म्हणत.

"मावशी, एक नोकरी आहे. कराल का?"

"कसली?"

"सामान्य माणसाची."

मावशींनी यजमानांकडे पाहिलं. ते उशीला टाके घालत होते. मान वर न करता म्हणाले, "अनुभव आहे तिला."

मग ग्रॅमसाहेबांनी नीट सांगितलं. त्यांनी एक सुपरकार बनवली होती. हजार घोड्यांची ताकद, इंजिन मागे, अंग सगळं कार्बनच्या विणलेल्या कापडाचं, लोखंडाहून कडक आणि उचलायला पापडासारखं. उभ्या जागेवरून निघून शंभरचा वेग गाठायला तिला, मावशी "अगं बाई" म्हणेपर्यंतचा वेळ पुरायचा. कारखान्याच्या मैदानात सगळं सिद्ध झालं होतं. पण गाडी रस्त्यावर चालवायची म्हणून विकायची तर वाहन निरीक्षकांचा होकार हवा, आणि निरीक्षक अडून बसले होते. त्यांचं म्हणणं एकच: "मैदानात काय, कोणीही पळेल. मला ही भाजी आणायला जाऊन परत आलेली दाखवा. आणि चालवणारा चारचौघांसारखा हवा."

"तुमच्याकडे चालवणारे नाहीत का?"

"एक आहे. जगातल्या दहा शर्यती मारलेला. त्याला परवा गावात पाठवला. चौकात वाट मिळेना म्हणून बिचारा उभाच राहिला. मिळाली तेव्हा त्याने गाडी सोडली, तर पहिल्या गिअरमध्येच गाव संपलं."

मावशींचा पाय जमिनीत रुतला. पण नोकरी त्यांनी घेतली. गळ्यात अडकवायला ओळखपत्र मिळालं, त्यावर फोटोखाली पदनाम छापलेलं: सामान्य माणूस. आमच्या गल्लीत आजवर कोणाला एवढं ठसठशीत पद मिळालं नव्हतं.

गाडी गल्लीत आली त्या सकाळी गल्लीची खिडकीन् खिडकी उघडी होती. गाडी इतकी बुटकी, की आमच्या वरच्या मजल्यावरून ती रस्त्यावर कोणी इस्त्री करून ठेवल्यासारखी दिसत होती. दार बाजूला उघडत नव्हतं, वर जायचं. ते वर गेलं आणि यजमानांच्या दुकानाच्या पाटीत अडकलं. पाटीवरचं "गाद्या" खाली आलं, "उशा" तेवढ्या राहिल्या. मग मावशी आत शिरल्या. शिरल्या म्हणजे आधी बसल्या, मग एक पाय, मग डोकं, आणि दुसरा पाय शेजारणीने उचलून आत ठेवला.

ग्रॅमसाहेब खिडकीशी उकिडवे बसून समजावत होते. "मावशी, हिला क्लच दोन आहेत. एक गिअर चालू असतो तेव्हा दुसरा क्लच पुढचा गिअर हातात धरून तयार उभा असतो. बदलताना मध्ये क्षणाचाही खंड पडत नाही."

"म्हणजे घास तोंडात असतानाच दुसरा हातात."

"अगदी तसंच."

"घाई आहे म्हणायची हिला," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं. कानामागे बारा सिलिंडर एकदम जागे झाले. समोरच्या गॅलरीतल्या कुंड्या थरथरल्या. दोन घरं सोडून राहणारे एक गृहस्थ, ज्यांना कित्येक वर्षं ऐकू येत नव्हतं, ते "कोण आलंय?" म्हणत दाराबाहेर आले.

त्या दिवसापासून मावशींचा कामाचा दिवस सुरू झाला, आणि काम काय, तर रोजचंच. किराणा आणायचा. दाताच्या डॉक्टरकडे जायचं. यजमानांना दुकानाच्या मालासाठी घाऊक बाजारात सोडायचं. तीनशेच्या पुढे पळणारी गाडी मावशी माणसाच्या चालीने चालवायच्या, आणि ती दोन क्लचवाली घाईखोर यंत्रणा त्या चालीला गोंधळून जायची. पुढचा गिअर धरून उभी, पण पुढचा गिअर येतोय कुठे! मग गाडी उचक्या द्यायची. मावशी स्टिअरिंगवर थोपटून म्हणायच्या, "पाणी पी, पाणी."

गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं. गतिरोधक आला की एक बटण दाबायचं, म्हणजे तेलाच्या दाबाने गाडीचं नाक सावकाश वर यायचं. ओलांडला की पुन्हा सावकाश खाली. आमच्या रस्त्यावर गतिरोधकांची काही कमी नाही. त्यामुळे गाडी सकाळी निघाली की दर थोड्या अंतरावर थांबून आदबीने मान वर करी, मग खाली घाली. कोपऱ्यावर राहणारे एक निवृत्त मुख्याध्यापक रोज त्या वेळी फिरायला निघायचे. ते उलट मान लववायचे. "आजकाल इतकी विचारपूस कोण करतं," असं त्यांनी मला सांगितलं.

सगळ्यात मोठी पंचाईत ब्रेकची. हिचे ब्रेक साधे नव्हते, कार्बन आणि चिनीमातीच्या जातीचे होते, लालबुंद तापले तरी न दमणारे. पायाने नुसता विचार केला तरी गाडी जागच्या जागी खिळायची. आणि मावशींचा पाय म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे. शिवाय मागे एक पंख होता. जोरात पळताना तो वाऱ्याच्या जोरावर गाडीला जमिनीशी दाबून धरायचा आणि जोरात ब्रेक दाबला की ताठ उभा राहून वारा अडवायचा. मावशींचे सगळेच ब्रेक जोरात. त्यामुळे दर चौकात फटकन पंख उभा. तिथे बसलेलं कबूतर फटकन हवेत. सिग्नलला शेजारी उभे असलेले स्कूटरवाले दचकून मागे सरकायचे. पहिल्या आठवड्यात मावशी अंडी आणायला गेल्या. दुकानातून निघाल्या तेव्हा अंडी यजमानांच्या मांडीवरच्या ट्रेमध्ये होती. घरी आल्या तेव्हा ती काचेवर होती.

"गाडीत काही दोष नाही," यजमान चष्मा पुसत म्हणाले, "अंडी जरा मोकळी ठेवली होती."

मावशींच्या तक्रारी ग्रॅमसाहेब मन लावून ऐकायचे. काही बरोबर असायच्या, काही अगदीच अचाट. आरशात मागचा रस्ता दिसत नाही, इंजिनच दिसतं, ही बरोबर. त्यांनी छोटा कॅमेरा बसवला. गाडीला मागे दोन सीट का नाहीत, शेजारणी कुठे बसणार, ही अचाट. तिथे इंजिन आहे हे पटवायला त्यांना मागचं झाकण उघडून दाखवावं लागलं. "एवढं मोठं?" मावशी म्हणाल्या. "भाजी आणायला?"

खरी लढाई पेटली ती उशीवरून. गाडीची सीट म्हणजे कार्बनचं टरफल, त्यावर नावाला पातळ कापड. मावशींची कंबर धरली. यजमानांनी मुकाट्याने एक कापसाची उशी शिवली, चांगली फुगीर, कडेला फुलांची झालर. दुसऱ्या दिवशी ग्रॅमसाहेबांनी गाडीचं दार उघडलं आणि ते मटकन खाली बसले.

"मावशी, हे काय?"

"उशी."

"वजन किती हिचं?"

"वजन करून कोण बसतं रे?"

ग्रॅमसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्या माणसाने धुराची नळकांडी टायटॅनियमची केली होती, नट आतून पोखरले होते, बोधचिन्हाखालचा रंग खरवडला होता. शर्यतवाल्या चालकाला तर चाचणीच्या दिवशी नाश्ता मिळत नसे. "झालर तरी काढा," ते म्हणाले.

"झालर नसेल तर उशी उलटी की सुलटी कळणार कशी?" यजमानांनी विचारलं.

कारखान्यातल्या हुशार मंडळींनी मग स्वतः उशी करायला घेतली. गाड्यांवर वाऱ्याचा झोत सोडून बघतात त्या बोगद्यात तिची परीक्षा झाली. पोकळ, जाळीदार, फुंकर मारली तर उडेल अशी. यजमान दुकान बंद करून ती बघायला गेले. दाबून पाहिली, कानाशी धरून पाहिली, तिच्यावर बसून पाहिली.

"चांगली आहे," ते म्हणाले. "पण ही टोपली आहे."

आजवर ग्रॅमसाहेबांच्या कामाला कोणी टोपली म्हटलं नव्हतं. ते रागावतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते यजमानांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मग तुम्हीच सांगा, मऊ म्हणजे नेमकं काय?" हा प्रश्न यजमानांनाही आजवर कधी कोणी विचारला नव्हता. दोघांनी पुढचे कितीतरी दिवस एकत्र काढले. जाळी कारखान्याची, भरण यजमानांचं, कापूस हाताने पिंजलेला. झालरीवर तोडगा निघाला: पुढच्या बाजूला राहील, मागच्या बाजूला नाही. तेवढं वजन भरून काढायला ग्रॅमसाहेबांनी गाडीच्या किल्लीला भोकं पाडली आणि स्वतःच्या मिशा काढल्या. मिशांचा गाडीशी काय संबंध, असं कोणी विचारलं नाही. कधी कधी तेही गाडीत बसत.

शेवटी निरीक्षकांच्या तपासणीचा दिवस उगवला. निरीक्षक म्हणजे भारदस्त गृहस्थ, दारातून यायचे तर तिरके होऊन यायचे. त्यांनी हॉर्न वाजवून पाहिला, वायपर फिरवून पाहिले, नंबरची पाटी हलवून पाहिली. मग म्हणाले, "चला बाई, बाजारात." आणि ते शेजारच्या सीटमध्ये उतरले. "टप्" असा आवाज झाला.

बाजारापर्यंतचा फेरा झकास झाला. गाडीने सगळ्या गतिरोधकांना मान लववली. मुख्याध्यापकांनी उलट लववली. मावशींनी दुकानासमोर एकाच झटक्यात गाडी लावली. निरीक्षकांनी मोबाइलवर काहीतरी टिपलं आणि भाजी घ्यायला उतरू लागले. म्हणजे उतरायचं त्यांनी ठरवलं. सीटच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे वळणावर माणसाला घट्ट धरून ठेवायला केलेले होते, आणि त्यांनी निरीक्षकांना इतकं घट्ट धरलं होतं, की भाजीवाल्याने, दोन गिऱ्हाइकांनी आणि मावशींनी मिळून ओढलं तरी ते हलले नाहीत.

"साहेब, श्वास सोडा," भाजीवाला म्हणाला.

"सोडलेलाच आहे," निरीक्षक म्हणाले.

मावशी त्यांना तसेच कारखान्यात घेऊन आल्या. सीट खोलून काढायची तर अर्धी गाडी खोलावी लागणार होती, आणि तपासणीतला एक भाग अजून बाकी होता: मैदानातल्या लांब पट्टीवर पूर्ण वेगाने पळवून ब्रेक दाखवायचे. तो शर्यतवाला करणार होता. तो शिरस्त्राण घालून उपाशीपोटी तयार उभा होता.

"चालक बदलता येणार नाही," निरीक्षक सीटमधून म्हणाले. "तपासणी सुरू झाली तेव्हा जो चालक होता तोच शेवटपर्यंत. नियम आहे."

"साहेब, तुम्ही आत अडकलेले आहात," ग्रॅमसाहेब म्हणाले.

"म्हणून तर जवळून बघता येईल."

सगळे मावशींकडे बघायला लागले. यजमान पुढे आले आणि खिडकीत वाकून म्हणाले, "अगं, नको वाटलं तर नाही म्हण. दुकान आहे आपलं."

"अहो, पण एवढं ओळखपत्र दिलंय त्यांनी," मावशी म्हणाल्या.

गाडी पट्टीच्या टोकाला उभी राहिली. मावशींच्या कानात बसवलेल्या यंत्रातून ग्रॅमसाहेबांचा आवाज आला. "मावशी, पट्टी सरळ आहे. शेवटी लाल खांब आहेत, तिथे ब्रेक. पंख दाबून धरेल. तुम्ही फक्त उजवा पाय टाका आणि राहू द्या."

"दुसऱ्या पेडलवर?"

"दुसऱ्या पेडलवर."

मावशींनी पाय टाकला.

पुढचं मावशींनी मला कितीदा तरी सांगितलं आहे, आणि दर वेळी त्या मध्येच थांबून हसतात. आधी पाठीत कोणी भिंत घातल्यासारखं झालं. निरीक्षकांचा चष्मा त्यांच्या नाकावर घट्ट बसला. चाळीस कधी आले आणि गेले ते दिसलंच नाही. शंभर गेले, दोनशे गेले. दोन क्लचवाली यंत्रणा, जिने इतके दिवस उचक्या दिल्या होत्या, ती आता लोण्यातून सुरी फिरावी तशी गिअर बदलत होती. घास तोंडात, दुसरा हातात. आणि नवल म्हणजे गाडी जितकी पळत होती तितकी स्थिर होत होती. वारा वरून दाबत होता, जणू कोणी खांद्यावर हात ठेवून म्हणावं, बस, बस निवांत. "मला वाटलं होतं सगळं थरथरेल," मावशी सांगतात. "पण थरथरायची ती बाजारात. तिथे ती गप्प झाली. मला एकदम वाईट वाटलं तिचं. इतके दिवस मी तिला चिमटे काढत होते."

लाल खांब दिसायला लागले. कानात ग्रॅमसाहेब म्हणाले, "ब्रेक." मग मोठ्याने म्हणाले, "मावशी, ब्रेक!" मैदानाच्या कडेला यजमानांनी स्वतःचाच पाय जमिनीवर दाबला. आणि ज्या पायाने उभ्या आयुष्यात गल्लीतल्या मांजरालासुद्धा ब्रेक दाबला होता, तो पाय हलेना.

"बाई," निरीक्षक म्हणाले, "खांब."

"एक मिनिट हो साहेब," मावशी म्हणाल्या. "किती छान चाललंय."

खांब आले तेव्हा मात्र त्यांनी पाय उचलला आणि दाबला. पंख ताठ उभा राहिला. चाकांतले ब्रेक लाल झाले. गाडी सरळ रेषेत अशी थांबली, की जमीनच पुढे सरकायची राहून गेली असं वाटावं. सीटचे पट्टे दोघांना धरून होते, पण निरीक्षकांच्या दोन्ही बाजूंनी "टप्" असा आवाज झाला आणि ते उंचवट्यांमधून सुटून मोकळे बसले. त्यांनी हात वर-खाली करून पाहिले.

"ब्रेक उत्तम," ते म्हणाले. मग मावशींच्या सीटकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ही उशी कोणाकडची?"

गाडी रस्त्यावर चालवायला योग्य ठरली. कारखान्याने हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच गाड्या बनवल्या आणि त्या लगेच खपल्या. पण झालं काय, की एकही गाडी रस्त्यावर आली नाही. कोणी ती गारव्याच्या खोलीत झाकून ठेवली, कोणी काचेच्या घरात. नळाच्या तोट्या बनवणाऱ्या एका बड्या कारखानदाराने तर घर बांधतानाच ती दिवाणखान्यात आणून ठेवली आणि मग भिंती उभारल्या. ग्रॅमसाहेबांनी हे ऐकलं आणि अंथरूण धरलं. वाऱ्याने दाबायला केलेली गाडी, आणि तिच्यावर पंखा फिरतोय!

मावशी त्यांना बघून आल्या आणि तडक त्या कारखानदाराच्या घरी गेल्या.

"गाडी का नाही चालवत?"

कारखानदार आधी इकडचं तिकडचं बोलले. मग हळूच म्हणाले, "बाई, मला येतच नाही. घरात कोणाला सांगितलेलं नाही."

मावशी रोज संध्याकाळी जायला लागल्या. शिकवणी दिवाणखान्यातच चालायची, गाडी बंद ठेवून. कारखानदार स्टिअरिंग धरून बसायचे, मावशी शेजारी. "आता डावीकडे वळायचंय, इंडिकेटर द्या. आरशात बघा. मागून कोण येतंय?" "बायको येतेय, चहा घेऊन." "मग वाट द्या." असे ते गावभर फिरून आले, सोफा आणि जेवणाच्या टेबलाच्या मधोमध उभे राहून.

एके दिवशी कारखानदारांनी गवंडी बोलावले. बागेकडची भिंत पाडली. धुळीचा लोट खाली बसल्यावर त्यातून गाडी बाहेर आली, हळदीच्या गड्ड्यासारखी पिवळीधमक, विटांच्या चुऱ्याने माखलेली. हिरवळीवरून ती फाटकापर्यंत गेली, तिथे उचकी देऊन थांबली आणि मागे मागे येत परत दिवाणखान्यात शिरली. कारखानदार घामाने निथळत होते. त्यांच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. माळ्याने चिरडलेली रोपटी उचलली.

"किती वेगात होतो मी?" कारखानदारांनी धापा टाकत विचारलं.

"चालत गेला असतात तर आधी पोचला असतात."

त्यांनी समोरच्या पडलेल्या भिंतीतून बाहेर पाहिलं. मग गाडी पुन्हा सुरू करत म्हणाले, "फाटक उघडायला सांगा माळ्याला."